लिफ्टच्या छपरावरचा माणूस

जावई म्हणजे दहावा ग्रह, असं जुनी माणसं म्हणतात. आमच्या वाट्याला आलेला ग्रह लिफ्ट दुरुस्त करतो, न सांगता भांडी घासतो आणि घाबरतो. पहिल्या दोन गोष्टींबद्दल माझी काही तक्रार नाही. तिसरीबद्दल सांगते, कारण ती आता आमच्या अख्ख्या घरात शिरली आहे.

जावईबापू अरब आहेत. म्हणजे त्यांचे आईवडील तिकडून आले. हे इथेच जन्मले, इथल्याच शाळेत पट्ट्या खाल्ल्या आणि इथल्याच पोरांबरोबर गणितात नापास झाले. माझ्या लेकीने पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा मी सासवा विचारतात ते सगळं विचारलं. पगार किती, पिता का, आईचा स्वभाव कसा. त्यांनी तिन्हीची खरी उत्तरं दिली, आईच्या स्वभावाचंसुद्धा! तेव्हाच मी ओळखलं, माणूस सरळ आहे. अंगाने उंच. देवाने भुवया काढताना हात जरा सढळच सोडलाय, आणि आवाज तर विहिरीच्या तळातून यावा तसा. त्या आवाजात ते मला विचारतात, "आई, चहात साखर पुरे का?" आणि घरात कोणी नवीन पाहुणा असला तर तो दचकतो.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, पण इथे सगळं उलटंच. लोकांनी यांनाच ब्रह्मराक्षस ठरवलंय, आणि त्या ब्रह्मराक्षसाला सगळ्यात जास्त भितात ते हेच. आपल्याला बघून कोणी घाबरेल आणि घाबरलेला माणूस काहीही करून बसेल, या धास्तीने त्यांनी स्वतःला नियम घालून घेतले आहेत. मला कधी सांगितले नाहीत. एका घरात राहून, बघून बघून माझे पाठ झाले.

दाढी सकाळी करायची आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत पुन्हा एकदा. कामावर कंपनीचा निळा शर्ट, कितीही उकडो, वरचं बटणसुद्धा लावलेलं, आणि ओळखपत्र छातीवर. हत्यारांसाठी काळी पिशवी नाही. त्यांनी लहान मुलांची खेळणी ठेवायचा आरपार दिसणारा प्लॅस्टिकचा डबा आणलाय. पाने, पकडी, तेलाची बाटली, सगळं बाहेरून दिसतं. रस्त्यात धावायचं नाही. समोरून बस सुटली तरी नाही. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, पाय आहेत ना? पळा की!" तर हसून म्हणाले, "आई, माझ्यासारखा माणूस पळताना बरा दिसत नाही."

आणि फोन. त्यांची आई, माझी विहीणबाई, दुसऱ्या गावी असते आणि तिला ऐकू कमी येतं. तिच्याशी बोलायचं म्हणजे त्यांच्या भाषेत, आणि तेही ओरडून. म्हणून हे तिचा फोन रस्त्यात कधी उचलत नाहीत. कुठल्या तरी इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टची मोटर असते त्या खोलीत गेले की तिला लावतात. दार बंद, मोटरचा खडखडाट चालू, आणि आत हा बाप्या आपल्या म्हाताऱ्या आईला ओरडून विचारतोय की गुडघा कसा आहे. विहीणबाई मला एकदा म्हणाल्या, "तुमच्याकडे फार यंत्रं आहेत का हो? सारखी घरघर ऐकू येते." मी काय सांगणार, कपाळ?

या सगळ्याचं मूळ कुठे आहे ते मला पक्कं माहीत आहे, कारण मी सिनेमे फार बघते. मारधाडीचे. प्रेमाबिमाचे मला झेपत नाहीत. जावईबापूंनाही सिनेमाचं वेड. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं शेंगदाण्यांची वाटी मधे ठेवून सोफ्यावर बसतो आणि लेक म्हणते, आता यांना भूकंपसुद्धा उठवणार नाही. सिनेमात अरब दोनच प्रकारचे असतात. एक उंटावरचा श्रीमंत, बायका पळवणारा. दुसरा बॉम्बवाला. लिफ्टला तेल देणारा, बाजारातून कोथिंबीर निवडून आणणारा अरब मी अजून पडद्यावर पाहिलेला नाही, डोळ्यांत तेल घालून बघत असूनही. बॉम्बवाला दिसला की मी म्हणायची, "जावईबापू, आला हो तुमचा पाहुणा," आणि ते शेंगदाणे चघळत म्हणायचे, "आई, जीव लावू नका. मध्यंतराच्या आत मरतो." आणि मरायचाच मेला! आम्ही दोघं हसायचो. पण त्या माणसाने मरायच्या आधी त्यांच्या भाषेत काही म्हटलं, मागे ते धडधड धडधड वाजलं, की जावईबापूंचं चघळणं थांबायचं. मी एकदा विचारलं, "काय म्हणाला हो तो?" तर म्हणाले, "काही नाही आई. देवाचं नाव घेतलं. माझी आई शिंकल्यावर घेते तसं."

त्यांची मुलगी, माझी नात, तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी राहतच नाही. पहिलीत आहे. लेकीला दवाखान्यात सकाळची पाळी असते, ती उजाडायच्या आत बाहेर पडते, म्हणून भिंगरीच्या वेण्या बाप घालतो. कपाटाच्या आरशासमोर तिला स्टुलावर उभी करायची आणि मागून विंचरायचं. आरशात दोघं एकमेकांना वेडावून दाखवतात. विंचरताना ते एक गाणं म्हणतात, त्यांच्या भाषेतलं. विहीणबाई आपल्या मुलींच्या वेण्या घालताना म्हणायच्या तेच. अर्थ काही मोठा नाही, उवांना गावाबाहेर हाकलायचं गाणं आहे म्हणे. पण शेवटच्या ओळीला केसांचं रबर बसतं, आणि तेव्हा हललं की केस ओढले जातात. म्हणून ती ओळ आली की आमची भिंगरी खांब होते. श्वाससुद्धा घेत नाही. दिवसभरात ती स्थिर उभी राहते ती तेवढीच. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, एकदा ती स्वयंपाकघरात धावत होती आणि बापाने भांडी घासता घासता सहज ती ओळ गुणगुणली, तर पोरगी पळता पळता जागच्या जागी थांबली.

तर अशा आमच्या घरावर तो सिनेमा येऊन पडला. त्याचं नाव मी घेणार नाही, मेल्यांनी आधीच पुष्कळ कमावलंय. गोष्ट अशी की एक अरब लिफ्ट दुरुस्त करणारा बनून एका उंच इमारतीत बॉम्ब घेऊन शिरतो. लिफ्टच! जगात इतके धंदे पडलेत, पण यांना लिफ्टच सापडावी? दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. आणि त्याची चित्रं गावभर. भिंगरीच्या शाळेच्या वाटेवर बसथांब्याला एक भलंमोठं लावलं होतं. लिफ्टच्या छपरातलं चौकोनी झाकण उघडलंय, वरून अंधारातून एक तोंड आत डोकावतंय, खालून उजेड पडलाय, खुंट वाढलेले, जाड भुवया, पांढरे डोळे. भिंगरी तिथून जाताना बापाच्या बाहीत तोंड खुपसायची.

"बाबा, तो बघतोय?"

"नाही गं. झोपलाय तो."

"गेलं का चित्र?"

"गेलं, गेलं. उघड डोळे."

हे मी मागून चालत ऐकायची. मला दिसत होतं ना, पोरगी कोणाला भिऊन कोणाच्या बाहीत लपतेय ते! मी जावईबापूंकडे बघायची. ते समोर बघून चालायचे.

सिनेमा चालला आणि हळूहळू त्याची फळं दिसायला लागली. एका सोसायटीच्या चिटणिसाने कंपनीला फोन केला, आमच्याकडे दुसरा कोणी पाठवता येईल का, आमच्यात म्हातारी माणसं आहेत, उगाच घाबरतात. दुसरीकडे एक बाई लिफ्ट दुरुस्त होईपर्यंत त्यांच्यासमोर फोन धरून चित्रण करत उभी राहिली. कामावरचे सोबती म्हणायचे, "काय रे, आज कुठली इमारत उडवतोस?" आणि हेही हसायचे. घरी येऊन आम्हाला सांगतानाही हसायचे. लेक म्हणायची, "हसता कसले? तोंड नाहीये का तुम्हाला?" तर म्हणायचे, "तोंडच तर आहे." आणि उठून दाढी करायला जायचे. तिसऱ्यांदा.

मी काय करणार? मी त्यांना ताट वाढायची आणि ते अर्धं जेवून उठायचे. साप साप म्हणून भुई धोपटणारे लोक असतात ना, त्यांचं काही जात नाही. भुईला विचारा.

त्या दिवशी जावईबापूंना सुट्टी होती. भिंगरीची दाढ दुखत होती, दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे, एका उंच इमारतीत वरच्या मजल्यावर. इमारतीच्या लिफ्टचं काम यांच्याच कंपनीकडे आहे. नेणार हेच होते, पण स्वयंपाकघरातल्या मोरीचा पाइप तुंबला आणि हे सकाळपासून त्याच्याखाली पालथे पडले होते. अंगात घरचं बनियन, हातभर काळा चिखल, आणि सुट्टी म्हणून दाढीही नाही. मी म्हटलं, "राहू द्या, मी नेते."

दाढ भरून झाली. भिंगरीचा गाल बधिर झाला होता आणि ती तो चिमटून बघत होती. खाली उतरायला लिफ्टमध्ये शिरलो तर आत अजून दोघं होती. एक निवृत्त मास्तरीणबाई, चष्मा दोरीला बांधलेला, आणि एक व्यायाम करून दंड फुगवलेला तरुण, मी त्याला मनातल्या मनात पैलवान म्हटलं. लिफ्ट निघाली. वीज गेली, आली, पुन्हा गेली. लिफ्ट एकदा दचकली, मग सरळ खाली घसरली, माझा जीव टाळूला लागला, आणि खाडकन थांबली. काळोख.

मी आधी भिंगरीला चाचपलं. मग फोन काढला. नशिबाने तेवढ्यापुरता लागला. "जावईबापू, आम्ही अडकलो हो!" मी म्हटलं. ते एवढंच म्हणाले, "आई, दाराला कोणालाही हात लावू देऊ नका. आलोच," आणि फोन तुटला.

मी सगळ्यांना मोठ्या तोरात सांगितलं, "घाबरू नका. माझा जावई लिफ्टचाच माणूस आहे. दोन गल्ल्यांवर राहतो. येतोच आहे." मास्तरीणबाई म्हणाल्या, "देवासारखा पावला हो तुमचा जावई." भिंगरी उड्या मारायला लागली, "माझे बाबा येणार, माझे बाबा येणार!" पैलवान म्हणाला, "उड्या मारू नकोस गं बाई." त्याचा आवाज कापत होता. नुसते दंड फुगवून काय होतं?

पण पैलवानाला दम धरवेना. मी नको नको म्हणत असताना त्याने बोटं घालून लिफ्टचं दार फाकवलं, आणि त्याबरोबर बाहेरच्या मजल्याचं दारही सरकलं. समोर खाली मजल्याचा व्हरांडा दिसला, खिडकीचा उजेड दिसला. आमची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे, म्हणजे आमची फरशी त्या मजल्यापासून माझ्या छातीएवढ्या उंचीवर. उडी मारली की बाहेर, इतकं सोपं दिसत होतं. पैलवान बसला, पाय सोडले, उडी मारली, आणि पलीकडे जाऊन उभा राहिला. "या, सोपं आहे! पोरीला द्या इकडे!"

मी वाकून बघितलं, आणि जावईबापू जेवताना सांगायचे ते मला आठवलं. लिफ्ट अशी अर्धवट थांबली की तिच्या फरशीखाली, मजल्याच्या दारातच, तळापर्यंतची मोकळी विहीर उघडी पडते. पाय सोडून उतरणारा माणूस पाठीमागे झुलला की सरळ त्या विहिरीत. ते म्हणायचे, आई, अडकलेल्या लिफ्टमध्ये कोणी मरत नाही. बाहेर पडायच्या घाईत मरतात. मी बघत होते तर खरंच आमच्या पायांखाली काळंकुट्ट पोकळ, त्यातून गार वारा वर येत होता. मी भिंगरीला मागे ओढून म्हटलं, "कोणी जाणार नाही. जावई येईपर्यंत कोणी जाणार नाही."

तिकडे जावईबापू धावले होते. आयुष्यात पहिल्यांदा, बनियनवर, चिखलाच्या हातांनी, खुंट वाढलेल्या तोंडाने, रस्त्याच्या मधोमध. हे मला नंतर वाण्याने सांगितलं. म्हणाला, "बाई, लोक बाजूला होत होते." गच्चीवर जाऊन त्यांनी वीज बंद केली, हाताचं चाक फिरवून लिफ्ट हलवायला बघितली. हलेना. लिफ्ट जोरात घसरली की रुळांना पकडणारा एक चिमटा असतो, तो घट्ट बसला होता. म्हणून ते वरच्या मजल्याचं दार किल्लीने उघडून आमच्या छपरावर उतरले.

आम्हाला काय ऐकू आलं? डोक्यावर धप्प. मग जड पावलं. मग खरखर. मास्तरीणबाईंनी माझा दंड धरला. त्यांनी फोनचा दिवा वर केला, आणि तेवढ्यात छपराचं चौकोनी झाकण उघडलं.

अंधारातून एक तोंड आत आलं. उलटं. खालून उजेड पडलेला. खुंट, जाड भुवया, पांढरे डोळे, गालाला काळं फासलेलं.

मास्तरीणबाई जी किंचाळल्या! बाहेरून पैलवान ओरडला, "तोच आहे, तोच!" कोण तोच, मेल्या? मी ओरडतेय, "अहो हाच, हाच माझा जावई!" पण माझं कोण ऐकतंय? 'माझा जावई' म्हटल्यावर त्यांनी मनात माझ्यासारखंच कोणीतरी गोरंगोमटं बसवलं होतं, ते आलं नव्हतं.

आणि भिंगरी. तिने वर बघितलं. दवाखान्यात बधिर केलेल्या गालामुळे तोंड वाकडं झालेलं, डोळे वर खिळलेले. मी म्हटलं, "अगं बाबा आहेत, बाबा!" माझ्या हातातून ती साबणासारखी सटकली. फरशीवर पालथी झाली, पाय दारातून बाहेर टाकले आणि सरपटत मागे जायला लागली. त्या तोंडापासून लांब. मी झडप घातली तेव्हा ती कंबरेपर्यंत बाहेर होती. माझ्या हाती तिचं एक मनगट लागलं. ती पाय झाडत होती आणि प्रत्येक झटक्याला थोडी थोडी खाली जात होती, आणि तिचे पाय मजल्याकडे नाही, आत, विहिरीकडे झुलत होते.

"धर तिला!" मी पैलवानाला ओरडले. तो दोन पावलांवर होता. नुसते तिचे पाय धरायचे होते.

जावईबापूंनी वरून सगळं बघितलं. उडी मारली असती तर आत आले असते, पण त्या तोंडाने खाली उडी मारली असती तर पोरीने उरलेला हातही सोडला असता. हे त्यांना माझ्याआधी कळलं. मी वर बघितलं तर त्यांनी तोंड मागे घेतलं होतं. नुसता काळा चौकोन राहिला.

मग त्या चौकोनातून गाणं आलं.

उवांचं गाणं. विहिरीच्या तळातला तो आवाज, कापत होता, पण चाल बरोबर होती. आयुष्यभर ज्या भाषेत रस्त्यात एक शब्द उच्चारला नाही त्या भाषेत, चार परक्या कानांसमोर, ते मोठ्याने गात होते. मास्तरीणबाईंनी कान झाकले. पैलवानाने ती भाषा ऐकली आणि त्याचा चेहरा मेणासारखा पांढरा झाला. "बॉम्ब!" तो किंचाळला, "बॉम्ब आहे!" आणि माझ्या नातीचे पाय दोन पावलांवर सोडून तो जिन्याने धूम पळाला. त्याची पावलं खाली खाली जाताना मला ऐकू येत होती. त्याला पळताना कोणी काही म्हटलं नसेल.

गाणं थांबलं नाही. शेवटची ओळ आली.

भिंगरी खांब झाली. पाय झाडणं थांबलं. श्वाससुद्धा थांबला असावा. अशी लटकलेली, माझ्या एका हाताला, केसांना रबर बसायची वाट बघत. मला तेवढंच पाहिजे होतं. मी दुसरा हात तिच्या काखेत घातला, पण ओढायला माझ्यात जोर कुठला? तेव्हा मास्तरीणबाई डोळे गच्च मिटून, मोठ्याने रडत, माझ्या शेजारी पालथ्या पडल्या आणि त्यांनी तिचा फ्रॉक धरला. आम्ही दोन म्हाताऱ्यांनी तिला आत ओढली. वर ती ओळ पुन्हा पुन्हा चालूच होती. मी ओरडले, "पुरे, जावईबापू! आली!" तेव्हा कुठे ते गप्प झाले, आणि छपरावर काहीतरी बदकन बसल्याचा आवाज आला.

त्यानंतरचं लवकर सांगते. ते खालच्या मजल्यावर आले, दाराखालच्या पोकळीला आधी फळी लावली, मग आम्हाला एकेकीला उतरवून घेतलं. आधी त्यांनी गच्चीवरच्या नळाला तोंड धुतलं होतं, केस पाण्याने चापून बसवले होते आणि कोणाचा तरी शर्ट अडकवला होता. आम्ही तिथे अडकलेल्या असताना माणूस तोंड धुऊन आला! मला राग यायला हवा होता. मला रडू आलं. भिंगरी त्यांच्या गळ्यात पडली ती सुटेना.

पैलवानाने फोन केला होताच. पोलिस आले. जावईबापूंनी भिंगरीला माझ्याकडे दिलं आणि कोणी काही म्हणायच्या आत हात वर केले, जणू रोज सराव केल्यासारखे. त्यांना जिन्यात बसवून विचारत राहिले, तिथे काय करत होतात, गणवेश का नाही, काय ओरडत होतात. मी मधे घुसले. "उवांचं गाणं म्हणत होते! लिहून घ्या! उवांचं!" मास्तरीणबाईंनी सांगितलं की या माणसाने पोरीला वाचवलं. तेवढं त्या बोलल्या, खोटं कशाला सांगू. पण जावईबापूंकडे न बघता बोलल्या. शेवटी सोडलं. कंपनीने त्यांना सामानाच्या गोदामात बसवलंय, वातावरण निवळेपर्यंत. वातावरण कधी निवळतं ते कंपनीला माहीत असेल.

पण मला हे सांगायचं नव्हतं. मला त्या संध्याकाळचं सांगायचं होतं. आम्ही तिघं घरी चाललो होतो, भिंगरी त्यांच्या कडेवर. बसथांबा आला. तिने सवयीने बाहीत तोंड खुपसलं. मग पुन्हा वर काढलं.

"बाबा, तो लिफ्टवरचा माणूस कुठे गेला?"

जावईबापू चालता चालता थांबले.

"तुम्ही यायच्या आधी तो आला होता. त्याने झाकण उघडलं. मग तुम्ही गाणं म्हटलं आणि तो पळाला. हो ना?"

मी तोंड उघडलं. अगं वेडे, म्हणणार होते, ते तुझे बाबाच होते, धू तुझे डोळे. जावईबापूंनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी मला आजवर कधी काही मागितलं नाही, तेवढ्या एका नजरेने मागितलं. मी तोंड मिटलं.

"हो," ते म्हणाले. "पळाला."

"परत येईल?"

"नाही येणार."

"तुम्हाला भीती वाटली त्याची?"

"खूप," ते म्हणाले. "अजून वाटते."

तिने त्यांच्या गालावर थोपटलं, मोठ्या माणसासारखं. मला सिनेमा कळतो असं मिरवणारी मी, त्या चित्राकडे पाठ करून चालायला लागले. आता मला एकच भीती आहे. ती मोठी होते आहे. कधीतरी, एखाद्या सुट्टीच्या दिवशी, दाढी न केलेल्या तोंडावर खालून उजेड पडेल आणि तिला कळेल. मी ते बघायला असेन की नाही, कोण जाणे. असू नये असंच वाटतं.

सुट्टीच्या दिवशीही ते आता दाढी करतात, ती उठायच्या आत. सिनेमा बघायला आम्ही बसत नाही, शेंगदाण्यांची वाटी कपाटात पालथी पडली आहे. वेण्या मात्र रोज घालतात. फक्त पूर्वीसारखे मागे उभे राहत नाहीत. आरशात आपण दिसणार नाही असे जरा बाजूला सरकून उभे राहतात, आणि तिरक्या हाताने विंचरतात. त्यामुळे वेणी वाकडी येते.

काल भिंगरी कुरकुरली, "बाबा, तुम्ही दिसत नाही मला. इकडे या ना, वेडावून दाखवा."

"हलू नकोस," ते म्हणाले. "रबर बसवतोय."